बोल्टाची मुंडी हातात आली तर

घट्ट बसलेला बोल्ट सुटतो तेव्हा 'कट्ट' असा कोरडा आवाज येतो आणि मग तो हळूहळू सैल होत जातो. तुटणारा बोल्ट असा आवाज देईलच असं नाही. तो पान्याखाली मऊ लागतो, जाड रबर पिळल्यासारखा. पाना फिरतोय, पण बोल्ट वर येत नाहीये, आणि मग अचानक हाताला विरोधच उरत नाही. हा मऊपणा ओळखता येऊ लागला की बरेच बोल्ट वाचतात: तिथेच थांबायचं, किंचित उलट दिशेला म्हणजे घट्ट करण्याच्या बाजूला फिरवायचं, तेल सोडायचं, वाट बघायची. पण हा लेख त्याच्या पुढच्या वेळेसाठी आहे. मुंडी सॉकेटमध्ये आली आहे आणि उरलेला बोल्ट इंजिनात.

या टप्प्यावर गाडीचं फार काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढच्या अर्ध्या तासात, हाताला लागेल ते हत्यार भोकात घालून बघण्याच्या घाईत. खालचा सगळा क्रम ती घाई टाळण्यासाठी आहे.

आधी हत्यारं खाली ठेवा

गाडी उचललेली असेल तर ती घोड्यांवर (गाडीखाली लावायच्या आधाराच्या स्टँडवर) आहे ना, चाकांना अडण आहे ना, हे बघा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊन तुटलेल्या बोल्टाशी झटापट करायची नाही. इथून पुढे जोर लावायचा आहे, ठोकायचं आहे, आणि जॅक त्यासाठी नसतो.

तुटलेले तुकडे गोळा करून एकमेकांना जुळवून पाहा. मधला एखादा कपचा गायब असेल तर तो शोधल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. लोखंडी तुकडा लवचीक दांड्याच्या चुंबकाने निघतो. ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकला चुंबक लागत नाही, तिथे व्हॅक्यूमची बारीक नळी कामाला येते. इनटेक (इंजिनात हवा शिरायची वाट), टायमिंग कव्हर, तेल भरायचं तोंड अशी उघडी भोकं स्वच्छ कापडाने बुजवा, आणि किती चिंध्या कोंबल्या ते कुठेतरी लिहून ठेवा. हसू नका, इनटेकमध्ये चिंधी विसरण्याचे प्रकार होतात.

मुंडी फेकू नका. तिच्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो नवा बोल्ट आणताना लागतो. तिथलाच दुसरा बोल्ट जमेल तर काढून त्याची जाडी, लांबी आणि आट्यांमधलं अंतर मोजून घ्या. आणि त्याच रांगेतल्या बाकीच्या बोल्टांना आत्ताच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ते याच वयाचे आहेत, याच उष्णतेत भाजलेले आहेत.

तुटलेलं तोंड वाचा

उरलेला बोल्ट सोपा निघेल की नाकीनऊ आणेल, याचा अंदाज तुटलेल्या तोंडावरून बांधता येतो. टॉर्च घ्या आणि नीट बघा.

तोंड स्वच्छ, चकचकीत आहे आणि बोल्ट *घट्ट करताना* तुटला: ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. जास्त जोर लागला, मुंडीखाली ताण आला आणि तुटला. आट्यांना गंज नाही, आणि मुंडी गेल्याबरोबर बोल्टावरचा ताणही गेला. असा तुकडा पुष्कळदा टोकदार पोगराने (बारीक छिन्नीने) उलट दिशेला टकटक केलं तरी फिरतो.

*सोडवताना* तुटला: म्हणजे आटे जाम आहेत. आटे जाम नसते तर तो तुटण्याआधी सुटला असता. इथे नुसत्या पिळण्याने काही होणार नाही. आधी जाम मोडायला हवा, म्हणजे उष्णता, तेल आणि वेळ.

तोंडाचा काही भाग काळपट किंवा गंजलेला आणि उरलेला ताजा: तडा जुना होता, तुम्ही फक्त शेवटचा धक्का दिलात. अशा वेळी बोल्ट बदलून भागत नाही. तो थकला का, हे शोधावं लागतं: शेजारचा बोल्ट सैल होता का, इंजिन माउंट गेलंय का, जोडलेला भाग थरथरत होता का. नाहीतर नवा बोल्टही त्याच वाटेने जातो.

हे काम आपलं आहे का?

कव्हरचा, ब्रॅकेटचा, मॅनिफोल्डचा, संपचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) बोल्ट घरी काढायला हरकत नाही. एअरबॅगच्या आसपासचं काहीही तुटलं तर हात लावू नका. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेकमध्ये 'काढून दुरुस्त' करण्यापेक्षा 'काढून बदला' हाच नियम पाळा. तिथे आटे पुन्हा पाडून भागवाभागव करणं मला पटत नाही. सिलिंडर हेडचा मुख्य बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला असेल तर वाकडं पडलेलं एक भोक आख्ख्या ब्लॉकला महागात पडतं. ते मशीनवर काम करणाऱ्याला द्या.

सरळ उपाय: भाग उतरवा, दांडी वर असेल

मुंडी तुटली की बहुतेक जण तिथेच ड्रिल लावायला जातात. जरा थांबा. बाकीचे सगळे बोल्ट काढा आणि तो भाग उचलून बाजूला करा. कव्हर किंवा फ्लँज (बोल्टांनी जोडलेली सपाट कड) निघाली की तिच्या जाडीइतकी बोल्टाची दांडी वर उभी दिसते. शिवाय मुंडीने दाबून धरल्याचं घर्षण आता उरलेलं नाही, फक्त आट्यांची पकड आहे. निम्मं काम इथेच होतं.

आता दांडीच्या मुळाशी तेल सोडा, हातोडीने दांडीच्या डोक्यावर हलके, भराभर ठोके द्या आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी लॉकिंग प्लायर, म्हणजे दाबून अडकणारी पक्कड, जितकी खाली लावता येईल तितकी लावा. वर धरली तर दांडी वाकते. पाव फेरा घट्ट करायच्या बाजूला, पाव फेरा सोडायच्या बाजूला, पुन्हा तेल. एका दमात काढायचा प्रयत्न नको. असं पुढे-मागे केल्याने गंजाची भुकटी बाहेर पडायला जागा मिळते. दांडीला आटे चांगले असतील तर दोन नट एकमेकांवर कसून खालच्या नटाला पाना लावा, स्टड, म्हणजे मुंडी नसलेला बोल्ट, काढायची ही जुनी आणि उत्तम रीत आहे.

हलत नसेल तर उष्णता. बोल्ट लोखंडी आणि त्याचं घर, म्हणजे ज्या भागात तो बसलाय तो, ॲल्युमिनियमचं असेल तर निसर्ग तुमच्या बाजूने आहे: तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून ज्योत बोल्टावर न धरता त्याच्या भोवतीच्या धातूवर फिरवायची. हीट गननेही पुष्कळ वेळा भागतं. ज्योत वापरत असाल तर हे लक्षात ठेवा की शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, मिश्रधातू त्याहून आधी, आणि तोवर ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ज्योत सतत हलती ठेवा. गरम असतानाच मुळाशी मेणबत्ती टेकवा. पातळ झालेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकचे होज, ऑइल सील, एसीच्या नळ्या आणि गॅस भरलेले शॉक ॲब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत नेऊ नका. मारलेलं तेल पेट घेतं, म्हणून आधी पुसा. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर जिथे फवारला असेल तिथे ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

नट वेल्ड करणं

वेल्डिंग येत असेल किंवा करणारा कुणी हाताशी असेल तर माझी पहिली पसंती हीच. दांडीवर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरत जायचं, म्हणजे नट आणि बोल्ट एकजीव होतात. पाना लावायला नवी मुंडी तर मिळतेच, पण खरं काम उष्णता करते. बोल्ट आतून तापून फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड मोडते. लाली जाऊ द्या, एखाद-दोन मिनिटं थांबा, मग पुढे-मागे करत फिरवा. पहिला नट निखळला तर दुसरा लावा. दर वेळी उष्णता मिळतेच, त्यामुळे तो प्रयत्न वाया जात नाही.

घर ॲल्युमिनियमचं असेल तर आणखी एक फायदा: लोखंडी वेल्ड ॲल्युमिनियमला नीट चिकटत नाही. त्यामुळे बोल्ट भोकात थोडा खाली तुटला असला तरी वेल्डचे ठिपके रचत वर आणता येतं आणि मग नट लावता येतो. ओतीव लोखंडाच्या घरात ही सवलत नाही. नट झिंकच्या मुलाम्याचा नको, त्याचा धूर छातीला त्रास देतो. बॅटरीची ऋण तार आधी काढा, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा, म्हणजे विजेचा प्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही.

ड्रिल लावायची वेळ आली तर

बोल्ट पृष्ठभागाच्या बरोबरीने किंवा खाली तुटलाय, वेल्डिंग शक्य नाही. आता ड्रिल. इथे सगळी मदार एकाच गोष्टीवर आहे: मध्य.

तुटलेलं तोंड उंचसखल असतं, त्यामुळे बिट उताराकडे घसरतो. आधी पोहोचत असेल तर छोट्या ग्राइंडर बिटने किंवा कानशीने तोंड सपाट करा. मग सेंटर पंच. पहिला ठोका अगदी हलका. भिंगातून बघा, ठिपका मध्यावर आहे का? नसेल तर पंच तिरका धरून ठिपका मध्याकडे सरकवा आणि मगच जोराचा ठोका द्या. हे पाच मिनिटांचं काम पुढचे पाच तास वाचवतं. बोल्ट पोलादी आणि घर ॲल्युमिनियमचं असेल तर मध्य चुकलेला बिट हमखास मऊ धातूत शिरतो.

काढलेलं कव्हर किंवा फ्लँज परत जागेवर बसवून त्याच्या भोकात नेमकी बसणारी बुशी घातली, तर तीच ड्रिलला वाट दाखवते. लेथवर अशी बुशी काढून घेता आली तर सोन्याहून पिवळं: बाहेरून भोकाच्या मापाची, आतून ३ मिलिमीटरची.

शक्य असेल तर डाव्या हाताचा, म्हणजे उलटा फिरणारा बिट घ्या. तो कापताना बोल्टाला सोडवायच्या दिशेला ढकलतो, आणि कितीतरी वेळा अर्ध्या वाटेतच तुकडा बिटाला धरून बाहेर येतो. सुरुवात ३ मिलिमीटरने. वेग कमी, दाब ठाम, कटिंग ऑइल भरपूर. बुरा सलग वेटोळ्यांत निघत असेल तर ठीक चाललंय. पिठासारखी भुकटी आणि धूर दिसला की थांबा. बिट घासतोय, कापत नाहीये, आणि घासण्याने बोल्टाचं तोंड आणखी कडक होतं. स्टेनलेसच्या बोल्टात तर फारच. चष्मा डोळ्यांवर हवा, कपाळावर नको.

इझी आउटबद्दल

इझी आउट म्हणजे बोल्टात पाडलेल्या भोकात घालून उलटं पिळायचं, बोल्ट ओढून काढणारं हत्यार. बाजारात मिळणारं सर्पिल इझी आउट हे पोलाद कडक करून बनवलेलं असतं, आणि कडक म्हणजे ठिसूळ. बोल्टाने जो जोर सोसला नाही, तोच जोर आता बोल्टाच्याही पोटात मावणारी बारीक काडी सोसेल अशी आपण आशा करतो. शिवाय ते निमुळतं असल्याने पिळत जाल तसं बोल्टाला आतून फुगवतं, म्हणजे जाम आणखी घट्ट. ते आत तुटलं की दुष्काळात तेरावा महिना: साधा बिट त्याच्यावर चालत नाही. कार्बाइडचा बिट आणि पक्कं मशीन लागतं, किंवा स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, जाळून काढावं लागतं.

म्हणून माझा नियम असा: घट्ट करताना तुटलेल्या, गंज नसलेल्या बोल्टाला इझी आउट जरूर लावा. सोडवताना तुटलेल्या बोल्टाला उष्णता दिल्याशिवाय लावू नका, आणि ६ मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक बोल्टाला तर नकोच. लावायचंच तर सर्पिल प्रकारापेक्षा सरळ धारांचा बरा, तो बोल्टाला कमी फुगवतो. टी-हँडलने दोन्ही हातांनी समतोल फिरवा. एका बाजूने पाना लावला की ते वाकतं, आणि वाकलं की तुटतं.

पूर्ण कोरून काढणं आणि नवे आटे

काहीच जमलं नाही तर बिट टप्प्याटप्प्याने वाढवत न्या. एम ८ चा (८ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट असेल तर ६.५ मिलिमीटरपर्यंत. मध्य बरोबर असेल तर आता बोल्टाचं फक्त आट्यांचं पातळ कवच उरतं. टोकदार पोगराने ते आत दुमडा आणि चिमट्याने स्प्रिंगसारखं ओढून काढा. मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे बुरा तुटतो.

आटे गेलेच असतील तर वायरच्या गुंडाळीचा इन्सर्ट, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात, बसवा. भोक किटमध्ये सांगितलेल्याच मापाच्या बिटने मोठं करायचं, किटच्याच खास टॅपने आटे पाडायचे, आणि गुंडाळी पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा खाली जाईल इतकी बसवायची. खालची आडवी शेपटी मोडून *बाहेर काढायला* विसरू नका. ॲल्युमिनियममध्ये असे आटे मूळच्यापेक्षाही टिकाऊ ठरतात, त्यामुळे यात कमीपणा मानायचं कारण नाही. साध्या आट्यांसाठी टॅपच्या आधी पाडायच्या भोकाची मापं पाठ असलेली बरी: एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५ मिलिमीटर, अर्थात नेहमीच्या जाड आट्यांसाठी.

परत बसवताना

भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं नको. बंद भोकात द्रव अडकला आणि वरून बोल्ट कसला की द्रव दबत नाही, घर तडकतं. हवा मारा, पण डोळे सांभाळून.

नवा बोल्ट त्याच आकड्याचा घ्या. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांना कायमचा ताणला जाणारा. त्या जागी साधा बोल्ट लावला तर तो ताणून सैल पडतो. जास्त कडक लावणंही शहाणपणाचं नाही; काही ठिकाणी बोल्ट आधी तुटावा आणि महागडं घर वाचावं अशीच रचना असते. कोनात मोजून कसायचे, ताणले जाणारे बोल्ट एकदा काढले की नवेच.

टॉर्क रेंच वापरा, आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. अंदाजासाठी सांगायचं तर ८.८ चा एम ६ साधारण १०, एम ८ साधारण २५ आणि एम १० साधारण ५० न्यूटन-मीटर घेतो. एम ६ ला १० न्यूटन-मीटर म्हणजे किती थोडा जोर, हे लांब दांड्याच्या पान्यावर कळतच नाही. व्हॉल्व कव्हरचे बोल्ट तुटतात ते याच कारणाने. आट्यांना अँटी-सीझ (ते जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावत असाल तर घर्षण कमी होतं, त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर तो कमी करावा लागतो.

काही ठरावीक दुखणी

*स्पार्क प्लग.* वरची चिनीमाती तुटली तर कपचे आधी ओढून घ्या आणि मगच षटकोन सोडवा. धातूचं कवच आत राहिलं तर ते मधून पोकळ असतं, त्यामुळे चौकोनी निमुळता एक्स्ट्रॅक्टर ड्रिल न करता बसतो. इझी आउटच्या जातीचं हत्यार शोभतं ते इथेच. सिलिंडरमध्ये एंडोस्कोपने (बारीक नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने) बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नका. नवा १४ मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळत्या बैठकीचा मात्र फक्त एक-सोळांश फेरा.

*ब्रेकचं ब्लीडर निपल.* पोकळ असल्याने चटकन तुटतं. तळाच्या शंकूच्या बैठकीवर सगळी गळती अडते, आणि ड्रिलने ती खरवडली की पुन्हा बसत नाही. कॅलिपर बदला. तोवर गाडी रस्त्यावर नको.

*चाकाचा स्टड.* एक तुटला म्हणजे शेजारच्यांवर जादा भार पडलेला आहे, त्यांचे आटेही तपासा. जुना स्टड मागे ठोकून निघतो. नवा पुढून वॉशरची चळत आणि उलटा नट लावून ओढून घ्या, मागचे दाते पूर्ण बसेपर्यंत. तो नट नंतर फेकून द्या, चाकाला वापरू नका. ५० ते १०० किलोमीटर चालवून टॉर्क पुन्हा तपासा.

*तेलाच्या संपचा प्लग.* आटे गेले असतील तर आपले आपण आटे पाडणारा जाडा प्लग ही तात्पुरती मलमपट्टी, इन्सर्टच बसवा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे बुरा चिकटून वर येतो, आणि शेवटी थोडं साधं तेल वरून ओतून भोकातून वाहू द्या.

*प्लॅस्टिक.* ट्रिमच्या क्लिपा थंड असताना कडाकड तुटतात, हेअर ड्रायरने गरम करून मग उचला. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला किंवा थर्मोस्टॅटच्या घराला गोंद-इपॉक्सी लावून समाधान मानू नका: तापलेल्या इंजिनात तिथे साधारण एक बारपर्यंत जादा दाब असतो. कनेक्टरचा लॉक मोडला तर केबल टायने बांधून काही दिवस काढता येतात, एबीएस आणि एअरबॅगचे कनेक्टर सोडून.